वानगीचं टोपलं

कळंबच्या वाचनालयात दोन खुर्च्या होत्या. एक तहसिलीतून पाहणीला येणाऱ्या कारकुनासाठी आणि दुसरी चिटणीस कल्याणप्पा हिंगमिरे याच्यासाठी. पहिलीवर वर्षातून एकदा कोणीतरी बसायचं. दुसरी कोरीच राहिली. कल्याणप्पा वर्तमानपत्र वाचून दाखवायचा तेही चालत. दारापासून कपाटापर्यंत जायचा, कपाटापासून दारापर्यंत यायचा, आणि ऐकायला बसलेली माणसं माना फिरवत राहायची.

"अप्पा, एका जागी उभं ऱ्हावा की. मान आखडली आमची," असं कुणी म्हटलं की तो खांबाला टेकायचा. पुढच्या बातमीला पुन्हा चालू लागायचा. जमिनीवर त्याच्या येण्याजाण्याची वाट पडली होती. सारवलं की ती बुजायची आणि आठवडा संपायच्या आत पुन्हा दिसू लागायची.

कल्याणप्पा हा बंडप्पा शेटे यांच्या आडतीवर मुनीम होता. वय तिशीच्या पुढे, अंगानं शिडशिडीत, डोक्यावर कायम थोडी तिरकी टोपी. लहानपणी बार्शीला मामाकडे राहून चार इयत्ता शिकला होता. बार्शी इंग्रजांच्या हद्दीत. तिथल्या वाचनालयात कुणीही जाऊन बसतो, पेपर वाचतो आणि उठून जातो, कुणी हटकत नाही, हे त्यानं पाहिलं होतं. कळंब निजामाच्या हद्दीत. इथं चार माणसांनी एकत्र बसायचं तरी कागद लागायचा. तो कागद मिळवायला त्यानं दोन वर्षं तहसिलीच्या पायऱ्या झिजवल्या. अर्ज लिहायला मुनवर होता.

मुनवर अर्जनवीस तहसिलीसमोर राहायचा आणि आपल्या घराच्या ओसरीवर बसून लोकांचे उर्दू अर्ज लिहायचा. सरकारी कागद त्याला जसा वाचता येई तसाच तो लिहिताही येई. कल्याणप्पाचा पहिला अर्ज फेटाळला, दुसरा हरवला, तिसरा मंजूर झाला. "तिसऱ्यात मी काय लिहिलं ते विचारू नको," मुनवर म्हणाला. "एवढंच सांगतो, तुझ्यासारखा राजनिष्ठ माणूस साऱ्या जिल्ह्यात न्हाई." उर्दू पुस्तकांचं एक कपाट ठेवायचं, बाहेरचे ठरावीकच पेपर घ्यायचे, राजकारणाची सभा घ्यायची नाही, आणि वाचनालय नियमित उघडं ठेवायचं, अशा अटी होत्या. शेवटच्या अटीवर मुनवरनं बोट ठेवलं होतं. "ही ध्यानात ठेव. एकदा कुलूप लागलं की किल्ली हैदराबादला जाते. ती परत येत न्हाई."

चाळीस सालच्या पाडव्याला वाचनालय सुरू झालं. जागा बंडप्पांनी दिली. आडतीच्या मागची, पूर्वी सरकी ठेवायची खोली. पुस्तकांना पुढं कितीतरी वर्षं सरकीचा वास येत होता.

जागा मिळाली, कागद मिळाला, पैसा मात्र नव्हता. वर्गणी चार आणे ठेवली. पहिल्या महिन्यात ती आली, दुसऱ्या महिन्यात निम्मी आली, आणि त्यानंतर कल्याणप्पा समोरून येताना दिसला की माणसं गल्ली बदलू लागली. पेपर टपालानं यायचे. सोलापूरहून निघालेला अंक येडशी स्टेशनावर उतरायचा आणि तिथून मोटारीनं कळंबला. पैसे थकले की अंक यायचा थांबायचा. दिव्याचं तेल उधार. पुस्तकांचं तर नावच नको.

उपाय कल्याणप्पाला आडतीवरच सापडला.

शेतकऱ्याची गाडी आडतीला लागली की पोत्याचं तोंड उसवून हमाल मूठभर ज्वारी काढायचा. ही वानगी. खरेदीदार ती तळहातावर घ्यायचा, फुंकर मारायचा, दोन दाणे दाढेखाली धरायचा, आणि मूठ खाली टाकून द्यायचा. मग दुसरा खरेदीदार, दुसरी मूठ. रुमालाखाली बोटं धरून भाव ठरेपर्यंत एकेका पोत्यातून पाच-सहा मुठी जमिनीवर पडायच्या. बाजाराच्या दिवशी शे-दीडशे पोती. पाहताना ते कुणाच्या डोळ्यात भरायचं नाही, कारण पिढ्यानपिढ्या असंच चाललेलं.

कल्याणप्पाच्या डोळ्यात भरलं. त्यानं बुरुडाकडून मोठं टोपलं आणलं, शेणानं लिंपून घेतलं, वर चुन्यानं 'वाचनालय' लिहिलं आणि काट्याशेजारी ठेवलं. "शेठ, पाहिलेली वानगी खाली टाकू नका. यात टाका." खरेदीदार हसले आणि त्यात टाकू लागले. त्यांचं त्यात काही जात नव्हतं. पुढच्या बाजारी शेजारच्या आडतीवर टोपलं गेलं, मग समोरच्या. दिवाळीपर्यंत चारही मोठ्या आडतींवर वाचनालयाची टोपली होती. जमलेली सरमिसळ ज्वारी बंडप्पाच विकून द्यायचे.

तेव्हापासून पेपर थांबला नाही. तीन अंक येऊ लागले. दिवा चांगला लागला. पुस्तकं आली, कपाट आलं, दुसरं आलं. उर्दूच्या कपाटात मुनवरनं आपल्या पसंतीचं बरंच भरून घेतलं. भिंतीवर पाटी लागली: 'आडत व्यापारी मंडळींच्या उदार आश्रयाने'. पाटी बंडप्पांना आवडली. ते पाहुण्यांना मुद्दाम मागच्या दारानं आणू लागले.

नाव आजूबाजूला झालं. तुळजापूर तालुक्यातल्या तामलवाडीहून भीमाशंकर नावाचे एक मास्तर ही युक्ती समजून घ्यायला आले. तामलवाडीत आडत नव्हती, पण खळी होती. खळ्यावर काय करता येईल, असं त्यांनी विचारलं. कल्याणप्पानं त्यांना चालत चालतच समजावलं. मास्तर मागून धापा टाकत होते.

"मास्तर, जे जमिनीवर पडून वाया जातं, ते पुस्तकात पडू द्यायचं. एवढंच."

हे वाक्य त्याचं त्यालाच फार आवडायचं. तो ते बऱ्याच जणांना ऐकवायचा.

मग महायुद्धाची झळ इकडंही लागली. सरकारनं लेव्ही बसवली. शेतकऱ्यानं ठरवून दिलेली ज्वारी आधी सरकारी गोदामात घालायची, उरली तर बाजारात आणायची. आडतीवरच्या गाड्या कमी झाल्या. टोपली पूर्वी दुपारीच भरायची, ती आता संध्याकाळपर्यंत तळ झाकेना. कल्याणप्पा बाजाराच्या दिवशी चारही आडतींवर फेऱ्या मारू लागला. कुणाची मूठ खाली पडलेली दिसली की म्हणायचा, "शेठ, टोपल्यात, टोपल्यात." घरी जेवताना तो एक पाय दुमडून, एक पाय उभा ठेवून बसायचा. महानंदा, त्याची बायको, ताट पुढं सारत म्हणायची, "दोनी पाय मोडून बसा. ताट काय पळून जात न्हाय."

चव्वेचाळीसच्या होळीनंतर पाहणीची तारीख कळली. तहसिलीचा नवा कारकून कडक आहे असं मुनवर सांगत आला. खोलीत कोळिष्टकं झाली होती, कपाटांखाली उंदरांनी घाण केली होती. कल्याणप्पा आडतीवर गेला. मल्लम्मा काट्यापाशी केरसुणी मारत होती.

मल्लम्मा पन्नाशीची. चारही आडती तीच झाडायची, तिच्या आधी तिची सासू झाडायची. सगळी बाजारपेठ तिला अक्का म्हणायची.

"अक्का, उद्या वाचनालय झाडून देता का? पुढच्या महिन्यात पाहणी हाय."

मल्लम्मानं वाकूनच विचारलं, "तितं काय सांडतं?"

"म्हंजे?"

"दाणा सांडतो का तितं?"

"दाणा कशाला सांडंल? पुस्तकं हायत. धूळ हाय."

"मग धूळ तुमची तुमीच काढा, मुनीम. म्या सांडतं तितं झाडते." आणि ती केरसुणी मारत पुढं सरकली.

कल्याणप्पाला हसू आलं. हा किस्सा त्यानं संध्याकाळी ओसरीवर मुनवरला तिखटमीठ लावून सांगितला. मुनवर हसला नाही. समोर आलेल्या माणसाला चार प्रश्न विचारून मगच कागदाला टाक लावायची त्याला सवय होती.

"तिला पगार कोण देतं?"

"पगार कशाचा? जे सांडतं ते तिचं. तिच्या सासूपासून तसंच हाय."

"हौ. आणि टोपल्यात काय जमतं?"

कल्याणप्पा चालत होता, तो थांबला. ओसरीच्या टोकाला जाऊन उभा राहिला. मुनवरनं दौतीचं बूच लावलं आणि आत गेला.

पुढच्या बाजारी कल्याणप्पानं टोपल्यांकडे पाहिलंच नाही. तो जमिनीकडे पाहत राहिला. काट्याभोवतीची जमीन स्वच्छ होती. हमालाच्या पायाखाली चिरडलेले चार दाणे, पोत्याचे धागे, बैलाचं शेण आणि माती. गेली तीन वर्षं हे आपण रोज पाहत होतो आणि 'शिस्त लागली' असं म्हणत होतो, हे त्याला आठवलं. बाजार उठल्यावर मल्लम्मा आडतीमागे सूप घेऊन बसली. तो तिथं गेला. सुपात माती जास्त होती. ती पाखडायची, खडे बाजूला काढायची, पुन्हा पाखडायची.

"अक्का, आधी यापरीस जास्त निघायचं का?"

"कंदी आधी?"

"टोपलं ठेवायच्या आधी."

मल्लम्मानं त्याच्याकडे पाहिलं. राग नव्हता. माणूस इतका उशिरा कसा विचारतो याचं थोडं नवल असावं. "आधी समद्या बाजाराचं मिळून पायली-दीड पायली निघायची. आता मापटं निघालं तर निघालं."

"मग बोलला का न्हाईत?"

"कुनाला बोलू? समदीच त्यात टाकत व्हती. धर्माचं काम म्हनलं." तिनं सुपातला एक खडा टिपून फेकला. "पयलं साल काढलं. शेळ्या व्हत्या, त्या इकल्या. लेकीला, नीलम्माला, बार्शीला सरकी येचायला धाडली भनीकडं. आता मी एकली हाय, मला किती लागतं?"

कल्याणप्पा उभाच होता. तिनंच त्याला वाटेला लावलं. "सावली सोडा मुनीम, दाणा दिसंना."

त्या आठवड्यात तो दोनदा बार्शीच्या वाटेनं बरंच लांब चालत गेला आणि काही काम नसताना परत आला. हिशेब साधा होता. टोपली उचलली तर पुढच्या महिन्यात पेपर बंद, त्याच्या पुढच्या महिन्यात दिवा बंद. दिवा बंद झाला की दार बंद, आणि दार बंद झालं की परवाना गेला. या दिवसांत नवा परवाना कळंबला काय, साऱ्या जिल्ह्यात कुणाला मिळत नव्हता. टोपली ठेवली तर वाचनालय चालतं, आणि ते चालतं मल्लम्माच्या सुपातून.

त्यानं तामलवाडीच्या मास्तरांना कार्ड टाकलं: 'खळं कोण झाडतं ते आधी विचारावे.' उत्तर आलं नाही.

मग तो मल्लम्माकडे पगार घेऊन गेला. म्हणजे पगाराचा बेत घेऊन. वाचनालयानं तिला दरमहा काही द्यावं, तिनं खोली झाडावी. मल्लम्मानं सगळं ऐकून घेतलं.

"कोन देनार?"

"वाचनालय."

"म्हंजे तुमी."

"मी चिटणीस हाय. कमिटी देईल."

"कमिटी आज दील, उद्या म्हनंल न्हाय. मंग म्या कुनाच्या दारात जाऊ? सासूनं मला झाडायचं दिलं, पगार न्हाय दिला. झाडायचं हाय तवर जे सांडंल ते माजं. त्याला कुनाला इचारावं लागत न्हाय." ती जरा थांबली. "तुमी भले हाव. पर तुमी मेल्यावर?"

तो कमिटीकडे गेला. कमिटी म्हणजे बंडप्पा, आणखी तीन आडत्ये, आणि मुनवर. बंडप्पांनी तक्क्याला टेकून त्याचं म्हणणं ऐकलं. ते वाईट माणूस नव्हते. गावातल्या कोणत्याही कामाला त्यांचा हात पुढे असायचा, त्यातून खिशाला तोशीस पडत नसेल तर जास्तच.

"कल्याणप्पा, ती झाडणारी कधी माझ्याकडे आली?"

"न्हाई."

"तुझ्याकडं तक्रार घेऊन आली?"

"मीच विचारलं."

"मग तुला कशापायी घोर? बरं, टोपली उचलू. वाचनालय कशावर चालवतोस?"

"आपण चौघांनी वर्गणी द्यावी."

आडत्यांपैकी एकानं जांभई दिली. बंडप्पा म्हणाले, "आम्ही देतोयच की. पाटीवर नाव काय उगाच हाय?"

"शेठ, त्यात तुमचं काय जातं?" कल्याणप्पा एवढं बोलून गेला आणि मग थांबता येईना. "वानगी शेतकऱ्याच्या पोत्यातली. खाली पडली की अक्काची. यात तुमचं काय, माझं काय? आपण फक्त पाटी लावली."

मुनवर टोपी काढून तिच्या आत पाहत होता. बंडप्पा शांतपणे म्हणाले, "तू माझ्या आडतीवर मुनीम हायस, ते ध्यानात ठेवून बोल."

ते त्यानं ध्यानात ठेवलं असतं तर गोष्ट तिथंच मिटली असती. महानंदानंही त्याला तेच सांगितलं. "जगाचा हिशेब तुमच्याकडं दिलाय का? घरचा दिलाय, तेवढा बघा." तो हो म्हणाला आणि अंगणात चकरा मारत राहिला.

पुढचा बाजार पाहणीच्या आधीचा शेवटचा. बऱ्याच दिवसांनी गाड्या चांगल्या आल्या होत्या. दुपारपर्यंत बंडप्पांच्या आडतीवरचं टोपलं अर्ध्याच्या वर गेलं. मल्लम्मा काट्यापाशी येऊन वाकली तेवढ्यात कल्याणप्पानं टोपलं दोन्ही हातांनी उचललं आणि तिच्यापुढं जमिनीवर पालथं केलं. ज्वारी हमालांच्या पायांपर्यंत पसरली. रुमालाखाली धरलेली बोटं तशीच राहिली.

"सांडलं," कल्याणप्पा म्हणाला. "झाडा, अक्का."

मल्लम्मानं एकदा त्याच्याकडे आणि एकदा गादीवर बसलेल्या बंडप्पांकडे पाहिलं. मग केरसुणी चालू केली. तिनं घाई केली नाही आणि एक दाणाही ठेवला नाही.

बंडप्पा ओरडले नाहीत. सौदे पुरे होऊ दिले. संध्याकाळी त्यांनी कल्याणप्पाला बोलावून एवढंच सांगितलं, "सरकी यायची हाय. मागची खोली लागंल. आणि उद्यापासून तूही येऊ नकोस."

पाहणी चार दिवसांवर होती. वाचनालयाला जागा नव्हती, चिटणिसाला नोकरी नव्हती. मुनवरनं ओसरीवर बसून सगळं ऐकलं, कागद ओढला आणि लिहायला लागला.

"काय लिहितोस?"

"मकानाची दुरुस्ती निघाली हाय, सबब वाचनालय तात्पुरतं अर्जनवीस मुनवर यांच्या ओसरीवर."

"कसली दुरुस्ती?"

"ते लिहीत नसतात. तात्पुरतं म्हटलं की साहेबलोक वाचत न्हाईत."

कपाटं हमालांनी फुकट वाहून आणली. एका कपाटाचं दार वाटेत निखळलं, ते शेवटपर्यंत सुतळीनं बांधलेलं राहिलं. पाटी तिथंच राहिली. कारकून आला, खुर्चीवर बसला, उर्दूचं कपाट पाहून खूश झाला, आणि दुरुस्ती कधी संपणार असं त्यानं विचारलं. "बघावं लागंल, हुजूर," कल्याणप्पा म्हणाला. परवाना राहिला.

पुढच्या बाजारी तो सवयीनं पेठेत गेला. बंडप्पांच्या काट्याशेजारी टोपलं होतं. नवं नव्हतं, तेच. चुन्यानं लिहिलेलं नाव पुसलेलं होतं. खरेदीदार वानगी पाहत होते आणि टोपल्यात टाकत होते. तीन वर्षांत हाताला सवय लागली होती. समोरच्या आडतीवरही टोपलं होतं, शेजारीही. ती ज्वारी आता आडतीच्या कोठारात जात होती. मल्लम्मा पूर्वीसारखीच माती पाखडत होती.

तिनं त्याला पाहिलं. "एक डाव भरून दिलंत, मुनीम," ती म्हणाली. "लई झालं ते."

त्यात टोमणा होता की नव्हता, हे त्याला पुढं कधी ठरवता आलं नाही. टोपलं त्यानं आणलं होतं. ते परत नेणं त्याच्या हातात उरलं नव्हतं.

ओसरीवरचं वाचनालय मात्र वेगळ्याच कारणानं चालू लागलं. तहसिलीच्या पलीकडे सरकारी गोदाम होतं. लेव्हीची ज्वारी घालायला आलेल्या गाड्या ओसरीपुढं रांग लावून उभ्या राहायच्या. शेतकऱ्यांच्या हातात लेव्हीच्या उर्दू चिठ्ठ्या असायच्या. त्यात काय लिहिलंय ते त्यांना कळायचं नाही. मुनवर वाचायचा, कल्याणप्पा मराठीत सांगायचा. मग कुणीतरी विचारायचं, बार्शीला भाव काय निघाला? कल्याणप्पा सोलापूरच्या पेपरातून भाव वाचायचा. मग लढाईची बातमी, मग आणखी कसली. आडतीमागच्या खोलीत दहा माणसं बसायची. इथं तीस-चाळीस उभी असायची, बैलांसकट. चालत वाचायला आता जागा भरपूर होती. गाड्यांच्या रांगेबरोबर तो खालपर्यंत जायचा आणि वर यायचा. चिठ्ठ्या आणि मराठी अर्ज लिहून त्याचं पोट जेमतेम भरू लागलं.

एकानं जाताना पोत्यात हात घातला आणि मूठभर ज्वारी ओसरीच्या कडेला ठेवली. "अप्पा, पेपर वाचून दावलात." दुसऱ्यानं ठेवली. कल्याणप्पाला बरं वाटलं. ही मूठ कुणी चाखून टाकलेली नव्हती. ज्याची ज्वारी त्यानं आपल्या हातानं दिलेली. त्यानं छोटं टोपलं आणून ठेवलं. ते पूर्वीच्या निम्मंही भरत नव्हतं. तीन अंकांचा एक झाला, नवं पुस्तक येणं थांबलं. पण दिवा चालू राहिला, आणि पहिल्यांदाच त्याला वाटलं की आता कुणाचं काही आपण घेत नाही.

हे वाटणं सुगी संपेपर्यंत टिकलं.

खामसवाडीकडचा एक म्हातारा शेतकरी होता. त्यानं टोपल्यात मूठ टाकली, थांबला, विचार करून दुसरीही टाकली. मग कल्याणप्पाला हळूच विचारलं, "साहेब, हे लेव्हीत धरत्याल न्हवं?"

"काय?"

"हे वो. हितं घातलेलं. पलीकडं मापात वजा करत्याल का?"

कल्याणप्पानं टोपल्याकडे पाहिलं. मग तहसिलीकडे पाहिलं, गोदामाकडे पाहिलं, मुनवरच्या समोरचे उर्दू कागद पाहिले, तहसिलीतल्या कारकुनाची ती खुर्ची पाहिली. इतके दिवस ज्यांनी मुठी टाकल्या त्यातल्या किती जणांनी पेपरासाठी टाकल्या आणि किती जणांनी सरकारचं टोपलं समजून, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

"बाबा, हे सरकारचं न्हाई. वाचनालयाचं हाय. द्यायलाच पाहिजे असं न्हाई."

"न्हाई द्यायचं?"

"मर्जी असली तर."

म्हाताऱ्यानं थोडा विचार केला, वाकून टोपल्यातून आपल्या दोन्ही मुठी बरोबर काढून घेतल्या आणि पोत्यात परत टाकल्या. त्याचं चुकलं असं कल्याणप्पाला म्हणता येईना.

त्या दिवसापासून तो पायरीवर उभा राहून प्रत्येक गाडीवाल्याला आधी तेच सांगू लागला. हे सरकारचं नाही, लेव्हीत धरत नाहीत, मर्जी असेल तर द्या. निम्मे हात मागं जायचे. मुनवर आतून म्हणायचा, "अप्पा, दुकान चालवतोस की दुकान मोडतोस?" कल्याणप्पा हसायचा नाही.

एक दिवस वाक्य सांगून वळला तर ओसरीखाली मल्लम्मा केरसुणी मारत होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. गाड्यांच्या रांगेत, पोत्यांची तोंडं उसवताना, टोपल्यात मुठी टाकताना, इथं आता सांडत होतं. तिनं पायरीखालचं झाडलं, चाकांखालचं झाडलं, टोपल्याभोवतीचं झाडलं. कपाटांकडे तिनं पाहिलं नाही. सूप घेऊन कडेला बसली. सुपात दाणा बरा निघाला होता.

पुढची गाडी पायरीशी आली. कल्याणप्पानं तोंड उघडलं तेवढ्यात मल्लम्मा खालूनच म्हणाली, "मुनीम, ते सांगू नगा की."

"काय?"

"सरकारचं न्हाय म्हून. तुमी सांगताव, मानसं मूठ आकडती घेत्यात. मंग काय सांडंल?"

मुनवर आत लिहिता लिहिता थांबला होता. गाडीवाला पोत्यात हात घालून, मूठ भरून, कोण काय म्हणतं याची वाट पाहत उभा होता. कल्याणप्पा एक पायरी उतरला, पुन्हा चढला. मल्लम्मा पाखडायचं थांबवून त्याच्याकडे पाहत होती. बाजारात तीन वर्षं ती बोलली नव्हती. आता बोलली होती.

"दादा," तो गाडीवाल्याला म्हणाला, "हे सरकारचं न्हाई."

मल्लम्मानं सूप उचललं आणि रांगेच्या खालच्या टोकाला, त्याचा आवाज पोचत नव्हता तिथल्या गाड्यांकडे झाडत निघाली.